घरातला व्हिडिओ का हलतो, त्यात मुंग्या का येतात, आणि आधी काय दुरुस्त करायचं?

गणपतीचे दिवस संपले की बडोद्यातल्या मराठी घरांतून आणखी एक मिरवणूक निघते, ती व्हॉट्सअ‍ॅपवरून. दांडिया बाजारातल्या वाड्याच्या माजघरातली आरती पुण्याला जाते, कारेलीबागेतल्या फ्लॅटमधली मंत्रपुष्पांजली न्यू जर्सीला. मग ज्या घरात व्हिडिओ एडिटिंगची थोडीफार माहिती असलेला कुणी असतो, त्याच्याकडे दोन-चार क्लिपा येऊन पडतात: ‘जरा नीट करून दे रे.’ तक्रारी ठरलेल्या. चित्र फार हलतंय. आणि जिथे अंधार आहे तिथे जुन्या टीव्हीवर दिसायच्या तशा मुंग्या वळवळतायत. या मुंग्यांना तांत्रिक भाषेत नॉइज म्हणतात. (इथे फक्त चित्रातल्या नॉइजबद्दल बोलू. झांजांनी फाटलेला आवाज हा वेगळा विषय आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त अवघड.)

यावर आत्या हमखास एक प्रश्न विचारते आणि तो रास्त असतो: ‘फोन तोच, समई तीच, हातही माझाच. फोटो तर झकास आलाय. मग व्हिडिओच असा का?’

या दोन्ही तक्रारींमागे एक समान कारण आहे, अपुरा उजेड. पंचाईत अशी की एका तक्रारीवरचा इलाज दुसरी तक्रार वाढवतो. म्हणून कुठलं बटण आधी दाबायचं याला इथे महत्त्व आहे.

फोटो छान, मग व्हिडिओ का नाही?

फोटोकडे वेळ असतो. रात्रीचा फोटो काढताना फोन ‘हलवू नका’ म्हणतो, एक ते तीन सेकंद एकामागून एक बरीच चित्रं टिपतो, ती एकमेकांवर नीट बसवतो आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो तयार करतो. व्हिडिओला ही चैन परवडत नाही. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साधारण ३० स्थिर चित्रं. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदात ३० फ्रेम बसवायच्या तर एका फ्रेमच्या वाट्याला जास्तीत जास्त १/३० सेकंद येणार. तीन सेकंद घेतलेल्या फोटोला जेवढा उजेड मिळाला, त्याचा हा नव्वदावा हिस्सा.

मुळात घरात उजेड किती कमी असतो हेच आपल्याला कळत नाही, कारण डोळा फार लवकर जुळवून घेतो. उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारी सयाजीबागेत उन्हात उभं राहिलात तर साधारण १,००,००० लक्स. संध्याकाळी दिवा लावलेल्या दिवाणखान्यात १०० च्या आसपास. आणि मेणबत्तीच्या एका ज्योतीपासून मीटरभर अंतरावर अवघा १. बागेतून घरात शिरलो की उजेड हजारपट घटतो, आणि आपण म्हणतो, ‘जरा अंधारल्यासारखं वाटतंय.’

त्यात फोनचा सेन्सर, म्हणजे भिंगामागे चित्र टिपणारा तुकडा, असतो बोटाच्या नखाएवढा. त्यावर कोट्यवधी पिक्सेल बसवलेले. एकेकाची रुंदी मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. एवढ्याशा जागेत, एवढ्याशा वेळात, एवढासा उजेड.

मुंग्या येतात कुठून?

उजेड कणाकणांनी येतो. या कणांना फोटॉन म्हणतात, आणि प्रत्येक पिक्सेलचं काम म्हणजे मिळालेल्या वेळात आपल्यावर किती फोटॉन पडले ते मोजणं.

आता दिवाळीत पाहुण्यांना चिवडा वाढताय असं समजा. (बडोद्याचा लीलो चेवडो नव्हे. घरचा, पातळ पोह्यांचा, ज्यातले शेंगदाणे मोजता येतात.) चमचाभर वाढलात तर एकाच्या बशीत चार शेंगदाणे येतील, दुसऱ्याच्या बशीत एक, आणि तिसऱ्या बशीत एकही नाही. त्या बशीचे मालक बहुधा तसं बोलूनही दाखवतील. तोच चिवडा मोठा वाडगा भरून दिलात तर कुणाला ५२ दाणे, कुणाला ४७, आणि कुणाचीच तक्रार नाही. चिवडा तोच, ढवळलाही तसाच. माप लहान घेतलं म्हणून फरक डोळ्यांत भरला.

आरतीमागच्या पांढऱ्या भिंतीचंही तसंच होतं. शेजारशेजारच्या पिक्सेलांवर खरं तर सारखाच उजेड पडायला हवा. पण मोजणीच थोड्या फोटॉनांची असल्यानं एकाला जरा जास्त मिळाले, तो उजळ दिसला. दुसऱ्याला कमी मिळाले, तो काळपट. पुढच्या फ्रेमला वाटप पुन्हा नव्यानं, म्हणून ठिपके जागा बदलतात आणि वळवळ दिसते.

याचं गणित सोपं आहे. मोजणीतला चढउतार सरासरी संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. सरासरी १०० फोटॉन मिळत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० मिळाले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. नॉइज निम्मा करायचा तर उजेड चौपट लागतो. हे ‘चौपट’ लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

मग फोन अंधारात चित्र उजळ कसं दाखवतो? मिळालेल्या आकड्यांना गुणतो. कॅमेऱ्यात ज्याला आयएसओ म्हणतात तो हाच गुणाकार. त्यानं फोटॉन वाढत नाहीत. भिंतही गुणली जाते आणि मुंग्याही. शिवाय सेन्सरच्या वीजमंडलाची स्वतःची थोडी खरखर असतेच. उन्हात ती कुठल्या कुठे बुडून जाते, अंधारात वर येते. म्हणून केस, गडद पैठणी, वाड्याच्या सागवानी तुळया अशा काळ्या भागांतच मुंग्यांचं वारूळ दिसतं, आणि गणपतीच्या मुकुटावर मात्र फारसं काही नसतं.

हात हलतो तेव्हा नेमकं काय हलतं?

हाताच्या हलण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण फोनला त्यातला एकच नीट जमतो.

पहिला प्रकार फिरण्याचा. फोन जागेवरच आहे, पण त्याचं तोंड किंचित डावी-उजवीकडे किंवा वर-खाली वळतं. नेहमीच्या फोनच्या मुख्य भिंगातून साध्या एचडी व्हिडिओत एका अंशाला चित्र ढोबळमानानं २५ पिक्सेल सरकतं. समोर समई असो की पावागडचा डोंगर, हा आकडा तोच राहतो.

दुसरा प्रकार सरकण्याचा. फोनचं तोंड सरळ आहे, पण फोन सबंधच्या सबंध सेंटिमीटरभर बाजूला गेला. आता अंतराला महत्त्व येतं. दोनशे मीटरवरच्या झाडाला त्यानं काहीच फरक पडत नाही, पिक्सेलच्या दहाव्या भागाइतकाही नाही. पण दोन मीटरवर बसलेल्या आजी साधारण सात पिक्सेल हलतात. आणि मीटरभरावर ठेवलेली समई त्याच्या दुप्पट.

घरातलं चित्रण बाहेरच्यापेक्षा जास्त का डुचमळतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. खोलीत सगळंच जवळ असतं. फोनमध्ये फिरणं मोजणारा जायरोस्कोप असतो, आणि चांगल्या फोनांत त्याच्या सांगण्यावरून भिंग किंवा सेन्सर उलट दिशेनं सरकवणारी चिमुकली यंत्रणाही असते. फोनमध्ये ती पहिल्यांदा २०१२ च्या नोकिया ल्युमिया ९२० मध्ये आली. फिरणं ती छान आवरते. सरकण्याला मात्र तिच्याकडे फारसा इलाज नाही. आणि आरतीच्या वेळी माणूस एका जागी उभा राहत नाही, ताट आलं की मागे सरतो, लहान मूल मध्ये आलं की बाजूला होतो. हे सगळं सरकणं.

त्यातून समई चौदा पिक्सेल हलली, आजी सात आणि मागची भिंत चार, तर सॉफ्टवेअरनं नेमकं कुणाला स्थिर धरायचं? सबंध चित्र एका तुकड्यासारखं उलट सरकवलं तर एकच अंतर स्थिर होतं. चित्राचे वेगवेगळे भाग वेगवेगळे ताणले तर भिंतीच्या कडा आणि दाराच्या चौकटी लाटांसारख्या हलू लागतात. जास्त जोर लावून स्थिर केलेल्या व्हिडिओत घर पाण्याखाली असल्यासारखं दिसतं, ते त्यामुळे. त्यातला थोडा वाटा आणखी एका गोष्टीचा असतो. सेन्सर सगळं चित्र एका क्षणी टिपत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमानं वाचतो. तेवढ्यात हात हलला की उभा खांब तिरपा पडतो.

दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास आपल्या बडोद्यातल्या कलाभवनात शिकले. पुढे त्यांच्या काळात चित्रीकरण म्हणजे तिपाईवर बसवलेला, हातानं फिरवायचा कॅमेरा आणि डोक्यावर ऊन. आपल्या दोन्ही तक्रारींपैकी एकही त्यांच्या वाट्याला फारशी आली नसावी. तिपाईनं पहिली मिटवली होती, उन्हानं दुसरी. आपण एका पिढीत दोन्ही सोडून दिलं आणि अडीचशे ग्रॅमचा फोन हातात धरून समईच्या उजेडात उभे राहिलो.

दोन इलाज एकमेकांच्या आड कसे येतात?

एडिटिंगमध्ये ‘स्टॅबिलाइझ’ हे बटण काय करतं ते आधी पाहू. ते प्रत्येक फ्रेममध्ये काही ठळक खुणा शोधतं, दाराचा कोपरा, चौरंगाची कड, आणि त्या पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेल्या ते पाहतं. त्यावरून हाताची वेडीवाकडी वाट काढतं, ती वाट गुळगुळीत करतं, आणि प्रत्येक फ्रेम तेवढी उलट सरकवतं. २०११ मध्ये मथायस ग्रुंडमान, विवेक क्वात्रा आणि इरफान एस्सा या संशोधकांनी ही गुळगुळीत वाट कशी निवडावी याची एक सुंदर रीत मांडली. कॅमेरामन करतो तेच करायचं. एक तर अगदी स्थिर राहायचं, नाही तर एका गतीनं सरकायचं, आणि एकातून दुसऱ्यात जाताना झटका द्यायचा नाही. यूट्यूबमध्ये काही वर्षं व्हिडिओ स्थिर करण्याची सोय होती, ती याच रीतीवर उभी होती.

आता अंधारात याचं काय होतं ते बघा.

फ्रेम सरकवल्या की कडेला रिकामी जागा उरते. ती झाकायला चित्र कापून मोठं करावं लागतं, दहा टक्के, कधी वीस. चित्र मोठं केलं की मुंग्याही मोठ्या होतात.

दुसरी अडचण खुणा शोधण्याची. सॉफ्टवेअरला कोपरे आणि कडा हव्या असतात, पण मुंग्यांनी भरलेल्या फ्रेममध्ये जिकडेतिकडे खोट्या खुणा दिसतात. त्यांच्या मागे लागून गणित भरकटतं आणि मूळ व्हिडिओत नव्हती अशी बारीक थरथर येते.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि तिच्यावर नंतर करण्यासारखा चांगला इलाज नाही. फ्रेम टिपली जात असताना, म्हणजे शटर उघडं असताना, हात हललेला असतो. शटर म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड किती वेळ आत घ्यायचा ते माप. हात सेकंदाला तीन अंश अशा संथ गतीनं वळत असला तरी १/३० सेकंदात दोन-अडीच पिक्सेल फराटा उमटतो. उन्हात शटर १/५०० सेकंदावर असतं, तिथे फराटा पिक्सेलच्या आतच राहतो. स्टॅबिलायझेशन फ्रेमची जागा बदलतं, फ्रेमच्या आतला फराटा तसाच ठेवतं. हलत्या व्हिडिओत तो खटकत नाही, कारण डोळ्याला तो हलण्याचा भाग वाटतो. चित्र स्थिर केलं की तोच फराटा उघडा पडतो. आजी जागच्या जागी बसल्यात, पण मधूनच धूसर होतात आणि पुन्हा स्पष्ट. माझ्या मते या ठेचकाळत्या धूसरपणापेक्षा मूळचा हलणारा व्हिडिओ बरा.

‘मग शटर कमी करू!’ करा. १/३० चं १/१२० केलं तर फराटा चौथाई होईल. उजेडही चौथाई होईल, आणि मघाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं मुंग्या दुपटीनं ठळक होतील.

कंपन्यांनाही हे चुकवता आलेलं नाही. २०२२ मध्ये आयफोन १४ मध्ये धावत्या चित्रणासाठी ‘अ‍ॅक्शन मोड’ आला. बाहेर तो अफलातून चालतो. घरात संध्याकाळी लावून बघा, उजेड कमी आहे अशी सूचना पडद्यावर येते. काही फोनांत ‘सुपर स्टेडी’सारखी सोय सुरू केली की फोन गुपचूप रुंद कोनाच्या भिंगावर जातो, कारण कापायला जागा हवी. ते भिंग आणि त्यामागचा सेन्सर बहुतेकदा मुख्य कॅमेऱ्यापेक्षा लहान असतो, म्हणजे आणखी कमी उजेड.

आधी मुंग्या काढायच्या की आधी स्थिर करायचं?

आधी मुंग्या. मग स्थिर. मग रंग, उजळपणा आणि धार.

मुंग्या काढण्याला डीनॉइज म्हणतात आणि त्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याच फ्रेममधल्या शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घ्यायची. मुंग्या जातात, पण पैठणीचा काठही पुसट होतो. २००५ मध्ये बुआदेस, कोल आणि मोरेल या तिघांनी यावर एक शहाणी युक्ती काढली. जवळचे पिक्सेल न घेता सारखे दिसणारे तुकडे शोधायचे, मग ते चित्रात कुठेही असोत, आणि त्यांची सरासरी घ्यायची. काठावरची नक्षी पुन्हापुन्हा येते, त्यामुळे तिचे जुळे तुकडे भरपूर सापडतात आणि नक्षी टिकते.

दुसरा मार्ग व्हिडिओलाच उपलब्ध आहे. मागच्या-पुढच्या फ्रेममधला तोच भाग घ्यायचा आणि सरासरी काढायची. चार बशांमधला चिवडा एकत्र केला तर दाण्यांचा हिशेब जसा समान होत जातो, तसंच. चार फ्रेम मिळवल्या की नॉइज निम्मा. इथे ते ‘चौपट’ पुन्हा आलं. भिंत, मखर, बसलेली माणसं यांच्यावर हे उत्तम चालतं. टाळ्या वाजवणारे हात, आरतीचं फिरणारं ताट, हलती ज्योत यांच्यावर नाही. तिथे मागच्या फ्रेममधलं ताट या फ्रेमवर भुतासारखं उमटतं. चांगली सॉफ्टवेअर हालचाल ओळखून तेवढा भाग वगळतात किंवा हालचालीच्या मागोमाग जातात. तरी जोर कमी ठेवलेला बरा.

तुम्ही म्हणाल, फ्रेमवर फ्रेम ठेवायची तर चित्र आधी स्थिर नको का? शंका बरोबर आहे. पण स्थिर करताना फ्रेम अर्ध्या, पाव पिक्सेलनं सरकवली जाते, किंचित फिरवली, ताणली जाते. त्यात प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांच्या मिश्रणातून नव्यानं बनतो. सुट्या मुंग्या एकमेकींत मिसळून त्यांचे ढब्बे होतात. डीनॉइज करणारं सॉफ्टवेअर सुट्या ठिपक्यांच्या शोधात असतं, ढब्ब्यांना ते चित्राचा भाग समजून जपून ठेवतं. हातात चांगलं डीनॉइज असेल तर फ्रेम जुळवण्याचं काम ते स्वतःच करतं, आधी स्थिर करून द्यायची गरज नाही.

चित्र उजळ करण्याची घाईही नको. बहुतेक जण पहिल्यांदा ब्राइटनेस चढवतात, मग फोनमधला एखादा फिल्टर, मग व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतात, आणि तिथून उतरवलेली फाइल ‘नीट करायला’ देतात. तोवर नीट करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

साधनांचं थोडक्यात: दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत स्थिर करण्याची सोय चांगली आहे, डीनॉइज मात्र पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत. संगणकावर हात बसलेला असेल तर एफएफएमपेग हे टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारं साधन पूर्ण फुकट आहे. त्यात डीनॉइजचे अनेक फिल्टर आहेत आणि विडस्टॅब नावाचं स्थिर करणारं साधन जोडता येतं. ते दोन फेऱ्यांत काम करतं, पहिल्या फेरीत हालचाल मोजून लिहून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत दुरुस्त करतं. दोन्ही ठिकाणी सुरुवातीला जेवढा जोर दिलेला असतो त्याच्या निम्म्यानं सुरू करा. थोडं हललेलं चित्र माणसानं काढलेलं वाटतं, त्यात वाईट काही नाही.

एआय आहे की आता!

आहे, आणि कामाचंही आहे. मुंग्यांचा नमुना शिकवलेली न्यूरल नेटवर्कं जुन्या फिल्टरांपेक्षा कितीतरी चांगलं काम करतात. पण ते किती जड काम आहे याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल. गूगलच्या पिक्सेल ८ प्रो या फोनमध्ये रात्रीचा व्हिडिओ सुधारण्याची जी सोय २०२३ मध्ये आली, तिच्यासाठी व्हिडिओ आधी गूगलच्या सर्व्हरवर चढवावा लागतो.

माझा आक्षेप दुसराच आहे. फ्रेममध्ये जी माहिती पोचलीच नाही, ती नेटवर्क अंदाजानं भरतं. भिंतीच्या बाबतीत चालतं. चेहऱ्याच्या बाबतीत आजींच्या सुरकुत्या गुळगुळीत होतात आणि त्या चाळिशीतल्या मेणाच्या बाहुलीसारख्या दिसतात. आजींना आवडेलही कदाचित. पण बडोद्यातल्या तांबेकर वाड्यासारख्या ठिकाणची भिंतीवरची चित्रं, एखादा पुसट शिलालेख किंवा घरातली जुनी वंशावळ असं काही नोंद म्हणून टिपलेलं असेल, तर तिथे जोरकस एआय वापरू नका. अक्षर स्पष्ट दिसेल, पण ते मूळचंच आहे याची खात्री राहणार नाही.

शिवाय फोन चित्रण करतानाच स्वतःचं डीनॉइज लावून मोकळा झालेला असतो. अंधारातली त्वचा मेणचट दिसते ती त्याचीच कृपा. त्यावर दुसरं डीनॉइज म्हणजे मेणावर मेण.

गिंबल, ४के, सेकंदाला ६० फ्रेम: यातलं काय घ्यावं?

६० फ्रेम घरात नको. फ्रेम दुप्पट म्हणजे प्रत्येकीला निम्मा वेळ, निम्मा उजेड. ३० पुरे, आणि २५ मिळत असतील तर त्याहून बरं. त्याचं कारण आपली वीज. भारतात वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० वर ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याची बरोबर दोन मिणमिण पूर्ण बसतात आणि सगळ्या फ्रेम सारख्या उजळ येतात. हा मेळ बसला नाही की चित्रावरून पट्टे सरकतात, आणि डीनॉइज त्या पट्ट्यांनाही हालचाल समजून गोंधळतं. मखरावरच्या स्वस्त एलईडी माळा यात सगळ्यांत वाईट. आयफोनमध्ये २५ फ्रेमसाठी सेटिंगमधून ‘पाल’ (PAL, टीव्हीची २५ फ्रेमची पद्धत) दाखवायला सांगावं लागतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर चालतं, त्यात शटर आणि आयएसओ दोन्ही हातानं बांधून ठेवता येतात.

४के, म्हणजे साध्या एचडीच्या चौपट पिक्सेल, मात्र घ्या, फोनमध्ये जागा असेल तर. शेवटी व्हिडिओ साध्या एचडीतच द्यायचा असतो. ४के मधून एचडी करताना चार पिक्सेलांचा एक होतो, म्हणजे सरासरी आपोआप होते, आणि स्थिर करताना कापायला भरपूर जागा मिळते.

गिंबल म्हणजे मोटरींवर फोन तोलून धरणारी दांडी. ती फिरणं जवळजवळ संपवते आणि त्यामुळे फराटाही कमी होतो, जे कुठल्याच सॉफ्टवेअरला नंतर जमत नाही. चालताना होणारी वर-खाली उडी मात्र तिच्या हातात नाही. लग्नं-मुंजी नेहमी टिपत असाल तर घ्या. वर्षातून एका आरतीसाठी तिपाई स्वस्त पडते आणि जास्त काम करते, फक्त ती जेवणाच्या पंगतीच्या वाटेत ठेवू नका.

मोठा दिवा लावला की समईची शोभा जाते, त्याचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यांत मान्य आहे. समोरून ट्यूबलाइट लावून काढलेली आरती म्हणजे पासपोर्टचा फोटो. पण समईचा उजेड आणि समईच्या उजेडाचा भास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळसर रंगाचा एक दिवा कॅमेऱ्याच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून ठेवा. चुन्याची पांढरी भिंत उजेड पसरवून परत देते आणि सावल्या मऊ राहतात. छताकडे तोंड करायचं तर छत पांढरं हवं. जुन्या वाड्यांतली काळपट लाकडी तक्तपोशी उजेड गिळून टाकते. दिवा जवळ आणता आला तर फारच छान. लहान दिव्याचं अंतर निम्मं केलं की त्याचा उजेड चौपट होतो, म्हणजे मुंग्या निम्म्या. पैसा न खर्चता.

ज्योत चौकटीत असली की फोनचा स्वयंचलित उजळपणा गोंधळतो. ताट समोर आलं की सगळी खोली काळी, ताट गेलं की पुन्हा पांढरी. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत उजळपणा आणि फोकस बांधले जातात. आजींच्या चेहऱ्यावर दाबा, ज्योत थोडी पांढरी पडली तर पडू द्या.

झूम करू नका. त्यानं हलणंही वाढतं आणि बऱ्याचदा लहान सेन्सरचं भिंग सुरू होतं. जवळ जाता येत असेल तर दोन पावलं पुढे जा. कोपरं अंगाशी धरा, वाड्यात असाल तर खांबाला पाठ टेका, आणि चालत चालत टिपण्याऐवजी एका जागेवरून वीस सेकंद, मग दुसऱ्या जागेवरून वीस सेकंद, असं तुकड्यांत टिपा. सरकणं बंद झालं की फोनच्या स्वतःच्या यंत्रणेला जे जमतं तेवढंच काम तिच्या वाट्याला उरतं.

इतकं करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की पुन्हा घाण का दिसतं?

व्हिडिओची फाइल लहान करताना सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढं मुख्यतः लिहितं. स्थिर, स्वच्छ भिंतीत काहीच बदलत नाही, म्हणून जागा लागत नाही. मुंग्या असलेली भिंत दर फ्रेमला ठिकठिकाणी बदलते. दिलेल्या जागेत ते सगळं बसत नाही, मग चौकोनी ठोकळे दिसू लागतात आणि आजींच्या चेहऱ्यासाठी राखायची जागा भिंतीवर खर्च होते. मुंग्या आधी काढलेल्या आणि चित्र स्थिर केलेलं असेल तर तोच व्हिडिओ तेवढ्याच आकारात कितीतरी स्वच्छ जातो.

तरीही व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला व्हिडिओ पुन्हा दाबतंच. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, त्यानं थोडा फरक पडतो. फाइल जशीच्या तशी जायला हवी असेल तर ती गॅलरीतून न निवडता डॉक्युमेंट म्हणून जोडा. नीट करून घ्यायला कुणाकडे द्यायची असेल तेव्हा तर डॉक्युमेंटच, आणि तीही फोनमधली मूळ फाइल, फिल्टर न लावलेली, न कापलेली.